बाराच्या घंटेला मरणाऱ्या कोंबड्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, पशुवैद्यक खात्याचे जिल्हा अधिकारी रावसाहेब टिपणीस, व्यासपीठावर विराजमान असलेले फादर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले पशुवैद्य डॉक्टर शिवदासराव भोईर, मुर्धा-राईहून आलेले पाहुणे आणि पाली गावच्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी ऑगस्टीन मास्तर. या शाळेत अठरा वर्षं शिकवतोय आणि आज आपल्या कोंबडीपालन मंडळीचा चिटणीस म्हणून दोन शब्द बोलायला उभा आहे. तासन्‌तास बडबडणारे मास्तर आज दोनच शब्द का बोलणार, असं पुढे बसलेल्या फ्लोरिनबाई शेजारणीला विचारतायत. कारण आहे, बाई. बोलता बोलता तिथवर येईन.

डॉक्टरांची विजापूरला बदली झाली. त्यांच्या कार्याचं वर्णन करायला माझी वाणी तोकडी आहे, असं अशा वेळी म्हणायची पद्धत आहे. मी एवढंच विचारतो, गेल्या मे महिन्यात हे गृहस्थ नसते, तर आज या गावात एक तरी कोंबडा आरवला असता का?

जपानची लढाई संपल्यावरचा तो पहिला उन्हाळा आठवा. मार्चपासून मुंबईचा व्यापारी कुरकुरत होता. पालीची कोंबडी वजनाला भरत नाही, मांस फिकट नि लिबलिबीत, हंडीत घातलं की नुसतं पाणी सोडतं. सहा महिन्यांची तलंग कोंबडी चार महिन्यांच्या पिलाएवढी दिसायची. मी तर आपल्याच बायकांवर संशय घेतला, की विकण्याआधी या कोंबड्यांना पाणी पाजतात. मग मे महिन्यातल्या एका सोमवारी दुपारी कोंबड्या चोची वासून धापा टाकायला लागल्या आणि पंख पसरून पडल्या. तीन दिवसांत चाळीस मेल्या. मी जाहीर केलं, राणीखेत रोगाची साथ आली, गावातल्या सगळ्या कोंबड्या मारून जाळायच्या. मंडळीचा ठराव मीच लिहिला.

गर्ट्रूडबाईंकडे बासष्ट कोंबड्या होत्या. नवरा समुद्रात गेला तो परत आला नाही, घर त्या पाखरांवरच चाललेलं. त्या कोयता घेऊन दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मास्तर, आधी मला मारा, मंग कोंबड्या. मला दुसरं काय हाय?" मी म्हणालो, ठराव म्हणजे ठराव.

तेवढ्यात मुर्ध्याहून सायकल हाकत डॉक्टर आले. चार मेलेल्या कोंबड्या त्यांनी तिथेच अंगणात फाडल्या. आतडी पाहिली, गळ्याजवळची दाण्याची पिशवी पाहिली. ती सुकटीच्या खारट चुऱ्याने गच्च भरलेली होती. मग घरोघरी एकच प्रश्न विचारला, तुमची कधी मेली? ज्याचं त्याचं उत्तर बारा ते तीन. रात्री एकही नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, रोग काय घड्याळ बघून येतो?"

सगळे हसले. माझे विद्यार्थीही हसले. मला ते फार लागलं.

आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी बायका मासळी सुकवायला किनाऱ्यावर, म्हणून फादरांच्या देवळाची, चर्चची, बाराची घंटा झाली की मगच कोंबड्यांना खायला घालायचं. उपाशी पाखरं त्या खाऱ्या चुऱ्यावर तुटून पडतात, आणि वर खुराड्याचा तापलेला पत्रा. डॉक्टर म्हणाले, "कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकूनच अंग निववते. भर उन्हात पोट भरलंत की तिच्या आत चूल पेटते. जी जगते तिची भूक मरते, म्हणून ती वाढत नाही. आणि पाय बांधून दुपारच्या गाडीतून भाईंदरला नेलीत, की सुरी लागायच्या आधीच मांस बिघडतं." पहाटे दाणा द्या, दुपारी फक्त गार पाणी, पत्र्यावर ओल्या झावळ्या टाका, आणि तीन दिवस थांबा म्हणाले. "साथ निघाली तर माझी नोकरी गेली समजा."

पहिल्या दुपारी नऊ मेल्या. आज सांगतो, मला मनातून बरं वाटलं. दुसऱ्या दुपारी दोन. तिसऱ्या दिवशी घंटा झाली तेव्हा गर्ट्रूडबाईंच्या अंगणात अर्धं गाव उभं होतं. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले. एकही पडली नाही.

पण पहिल्याच संध्याकाळी, त्या नऊ मेल्यावर, मी एक अर्ज लिहून टपालात टाकला होता. सहीशिवाय. 'डॉक्टर भोईर गावकऱ्यांकडून कोंबड्या खातात आणि त्या बदल्यात रोग लपवतात.' तिसऱ्या दिवशी दुसरं पत्र लिहून पहिलं खोटं आहे असं कळवता आलं असतं. मी पाच महिने गप्प बसलो. चौकशी झाली आणि बदलीचा हुकूम आला.

फ्रेडी, शिकवलंय मी तुला, खाली बस. गर्ट्रूडबाई, तुम्हीही बसा. मला पुरं करू द्या.

रावसाहेब, मघाशी चहा घेताना तुम्ही म्हणालात की खरंखोटं करायला पुरावा नव्हता. पुरावा आहे. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून तो अर्ज मी डाव्या हाताने लिहिला. डॉक्टरांची फाईल तुम्ही सहीसाठी बरोबर आणली आहे, त्यात तो असेल. माझ्या मागे शाळेचा फळा आहे. त्यावर मी तोच मजकूर डाव्या हाताने लिहितो. तुम्ही ताडून पाहा आणि हुकूम फिरवा. चिटणीसपद मी आत्ताच सोडलं. शाळेत मला ठेवायचं की नाही, ते फादर ठरवतील. शाल माझ्या हातून द्यायची ठरली होती, ती आता गर्ट्रूडबाई देतील.

डॉक्टर, तुम्ही खाली बघू नका. ते माझं काम आहे.

अध्यक्षांचे, फादरांचे आणि एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतलंत त्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. लिहिण्यात जे झालं, ते मात्र कोणी पोटात घालू नये. रावसाहेब, अर्ज बाहेर काढा. मी खडू घेतलाय.