लाख माणसांची जागा

टाय बांधून आलेला लुटारू तुम्ही पाहिला नसेल. मी भंडारदऱ्याला पाहिला. माझा जुना विद्यार्थी सोमनाथ तिथे पर्यटकांना चार तंबू भाड्याने देतो. या गृहस्थाने त्याला संकेतस्थळ करून दिले होते. यंदा काजव्यांचा हंगाम तोंडावर येताच हा होस्टिंगचे, म्हणजे संकेतस्थळाला इंटरनेटवर जागा देण्याचे, अठरा हजार मागायला उगवला. पैसे न भरल्यास संकेतस्थळ बंद, म्हणजे हंगामाची नोंदणीही बंद.

मी विचारले, "एवढे कशाचे?"

"सर, एका वेळी लाख लोक आले तरी साइट बंद पडणार नाही!" एवढ्या पोकळ वाक्याला एवढा ताठ आवाज मी प्रचारसभेतही ऐकला नव्हता.

सोमनाथ शांतपणे म्हणाला, "आवो साहेब, माझ्याकडं सोळा गाद्या हायत. लाख मानसं निजवू कुठं? सोळा मानसांपुरती जागा कितीला पडंल, ते सांगा."

गृहस्थ घुटमळला. "तसा दीड हजाराचा प्लॅन आहे. पण तो आम्ही कुणाला दाखवत नाही."

"त्योच द्या," सोमनाथ म्हणाला, "आन् ज्यांनी इचारलं न्हाई, त्यांच्याकडं आता कोनत्या तोंडानं जानार, ते गुरुजींना सांगून जा."