मॅडम, स्वल्प खाली उतरा

हॅलो?… हॅलो… हां अण्णा, महानंदाच बोलतेय. आईचा फोन माझ्याकडं आहे… थांब, बांधावर चढते, इथं खाली रेंज येत नाही… हां, बोल आता.

नाही, आज बोम्मसंद्र्याला गेले नाही. फॅक्टरीत रजा टाकली… कशाला म्हणजे? पाहणी होती ना आज! खडीच्या खाणीसाठी आपलं रान बघायला आले होते. मागचं गोमाळ पण, मेंढ्या चरतात ते… तुला ठाऊक नव्हतं?… बरं.

ऐक तर. दहाला जीप आली. कचेरीतल्या मॅडम, नकाशा घेतलेला एक सर्व्हेयर आणि खाणवाल्यांचा माणूस, योगीराज नावाचा. पांढरे बूट घालून आलेला रानात! जीपमधूनच हात दाखवतोय, ‘सगळा खडक आहे मॅडम, पडीक. खाली उतरू नका, साप आहेत.’ आपल्या आईनं काय केलं असेल, सांग… नाही रे, भांडली नाही. जीपच्या पुढं जाऊन उभी राहिली. हातात विळा… अरे, उगारला नाही! रागी कापत होती ना सकाळपासून. म्हणाली, ‘मॅडम, स्वल्प खाली उतरा, जरा बघा. मी पुढं चालते. साप असला तर आधी मला चावेल.’

उतरल्या ना! न उतरून करतात काय?

बरं, त्यांच्या नकाशात विहीरच नाही. हो, आपली विहीर! योगीराज म्हणतो, ‘जुनी आहे, कोरडी पडलीय.’ आई सरळ विहिरीच्या काठावर गेली. बादली सोडली, वर ओढली नि मॅडमच्या ओंजळीत पाणी ओतलं. तो सर्व्हेयर नुसता बघत उभा. आई त्याला म्हणते, ‘लिहा की! पाणी दिसलं तर लिहायचं नसतं का?’… हो, हो, अगदी अशीच म्हणाली. हसू नकोस, पुढं ऐक.

गोमाळावर देवाप्पा मेंढ्या घेऊन होताच. योगीराज लगेच, ‘ह्या आज दाखवायला आणल्यात.’ देवाप्पा काय, दिवसात चार शब्द बोलला तर बोलला. आईच खाली वाकली. वाळक्या लेंड्यांची मूठ भरली नि त्या माणसाच्या नाकापुढं धरली. ‘सरी, मान्य, मेंढ्या आज आणल्या. ह्या गेल्या वर्षीच्या लेंड्या कुणी आणल्या?’… अरे, मॅडम तोंडावर ओढणी धरून हसत होत्या!

परत रागीपाशी आलो आणि मग त्यानं फाइल उघडली.

… फोन ठेवू नकोस, अण्णा.

पत्र काढलं त्यानं. मॅडमनी मोठ्यानं वाचलं. ‘ही आमची जमीन सहा वर्षं पडून आहे. इथं कुणी शेती करत नाही. खाणीला आमच्या घरच्यांची हरकत नाही.’ खाली सही. अभिमन्यू जयसिंगराव…

नाही, आधी मी बोलणार… थांब… थांब म्हणते ना!

आईनं कागद मागून घेतला. कन्नड वाचता येत नाही तिला, पण तुझी सही ओळखते. सहीवरून बोट फिरवलं. मग तिथंच कापलेल्या रागीवर खाली बसली. मला वाटलं, चक्कर आली. मी पाणी आणायला धावले… हो, बरी आहे. आता विचारतोस!

उठली मग. कागद मॅडमच्या हातात दिला नि म्हणाली, ‘सही माझ्या लेकाची आहे, ती खरी. मजकूर खोटा. दोन्ही लिहा.’ योगीराज मध्ये तोंड घालायला लागला, तर त्याला, ‘तुम्ही थांबा. जमीन तिघांच्या नावावर आहे. त्यातल्या आम्ही दोघी इथं उभ्या आहोत.’

लिहिलं त्यांनी. उभी रागी, विहिरीला पाणी, चरणाऱ्या मेंढ्या, आमच्या दोघींची हरकत. आईनं सही केली, मी केली, देवाप्पानं अंगठा दिला… नाही, खाण रद्द नाही झाली अजून. गुरुवारी कचेरीत सुनावणी आहे. पण ‘पडीक’ हा शब्द मॅडमनी आमच्यासमोर खोडला.

काय?… आईच्या भल्यासाठी?… हो, सदुसष्ट वर्षांची आहे, रानात दिवसभर एकटी असते, सगळं खरं. मग तिला विचारायचं होतंस! मी रोज संध्याकाळी इथं येते, मला विचारायचं होतंस! इलेक्ट्रॉनिक सिटीहून तासाभराची वाट, अण्णा. शेवटचा कधी आलास तू?… तयार कागद आणला योगीराजनं, नि तू सही केलीस?… वाचला पण नाहीस?… अरे, तुला तर कन्नड वाचता येतं!

नाही, आई फोनवर येणार नाही. समोरच कापत बसलीय. मघाशीच नको म्हणाली… बरं, विचारते. थांब… आई! अण्णा पत्र मागं घेतो म्हणतो… मॅडमना ईमेल करतो म्हणे…

नाही म्हणते. सगळ्यांसमोर वाचलं गेलंय, सगळ्यांसमोर येऊन मागं घे… गुरुवारी येतोस? नक्की?… आई, गुरुवारी सरळ कचेरीत येतो म्हणतो…

अण्णा, ऐक. ती म्हणते, सरळ कचेरीत नको. बुधवारी आधी इकडं ये. मॅडम चालल्या तेवढं रान पायानं चाल, मग काय ते लिही… हो, हेच म्हणाली. आता खरं लिहिणार असलास तरी न बघता सही करायची नाही.

रडतोस काय?… रड बाबा, पण बुधवारी ये. आणि नाही आलास तरी गुरुवारी आम्ही दोघी जाणार. तुझं नाव घेऊन बोलणार आहे ती, आधीच सांगून ठेवते… नाही, मी तिला समजावणार नाही.

ठेवते मी. अजून अर्धं रान कापायचंय.