माही गार्डियन

बसा, चहा ठेवला हाये. टाइम हाये अजून, वर्ध्याची बस चारले येते, तोवर काय पुसाचं थे पुसा, मंग मले निंगा लागते. शनिवार हाये न. शनिवारी मी कोणासाठीच थांबत नाई.

आता कुठून सांगू तुमाले. जनम माहा सिंदीचा, रेल्वेवाली सिंदी. बाप जिनिंगमधी हमाल, कापसाच्या गाठी उचले, घरी आला का मिशीले कापूस, भुवईले कापूस, अन् सारी रात खोकला. आमी बहिणीच बहिणी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा राह्यते, लाकडाचे बैल घेऊन पोट्टे फिरतात, सारी सिंदी रस्त्यावर येते, तवा बाप एकेकीले खांद्यावर घेऊन दाखवे. तेवढी एक याद चांगली हाये, बाकी तं कामच काम. नववीपर्यंत शिकली मी. मंग मोठीचं लगन निंगालं, त्याच मांडवात माहं बी उरकलं, अन् मी हिंगणीले आली. माणूस बरा होता, कमी बोले, दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवे. आशू पाच वर्साची होती तवा ट्रॅक्टर पलटला अन् थो गेला. त्याचं मी जादा सांगत नाई, सांगून काय होते.

राह्यलो आमी तीन बाया. मी, माही पोरगी आशू, अन् आत्याबाई. आमच्याकडे सासूले आत्याबाई म्हणतात, पण गाव तिले बुढी म्हणे अन् मी बी मनातल्या मनात बुढीच म्हणो. तोंड असं का चुलीतला इस्तो परवडला. भाजीत मीठ कमी पडलं तं म्हणे, काऊन वं, मीठ का सिंदीवरून येऊन राह्यलं का. पण लेक गेल्यावर एक दिवस बी मले म्हणाली नाई का माहेरी जा. जवान होती तवा बोरच्या जंगलात मोहफुलं येचे, वाघाले भीत नव्हती, मंग सुनेले काय भ्याची.

मी सेलूले एका डॉक्टरच्या दवाखान्यात लागली, मावशी म्हणून. आया म्हणतात न, थेच, पण दवाखान्यात आयाले मावशी म्हणतात. पॉट देणं, फरशी पुसणं, बाळंतिणीचे कपडे धुणं. लेकीएवढ्या सिस्टरा मावशी म्हणत अन् आजीएवढ्या बुढ्या बी मावशीच म्हणत, माहं नाव तिथं कोणाले मालूमच नव्हतं. काम वाईट नाई. पण बाप्पा, थकते आंग. अन् त्यातच बुढीले लकवा मारला. उजवा हात गेला, पाय गेला, तोंड जरासं वाकडं झालं, जबान मात्र राह्यली, उलटी तेज झाली. दिवसा दवाखान्यात लोकायचं काढो, संध्याकाळी घरी येऊन तिचं.

एक दिवस तिले कुशीवर करून पाठीले तेल लावत होती अन् रडू आलं मले, काही झालं नव्हतं, थकव्यानंच आलं. बुढी भिंतीकडे तोंड करून म्हणते, रंजना, हागमूत तं तू जनमभर काढणारच हायेस, मंग शिकून काढ न. मी म्हटलं, आत्याबाई, या वयात? तं म्हणे, वय तुहं हाये का माहं? मी मरून राह्यली का तू?

तिनं तं बोलून टाकलं, पण माह्या डोक्यातून थे जाये नाई. मंग सतरा नंबरचा फॉर्म भरला, दहावी काढली घरी बसून, मंग बारावी. गणित एकडाव गेलं, पुन्हा बसली. रातपाळीवाल्या सिस्टरा हसत, मावशी कलेक्टर होते म्हणत. हसू द्या म्हटलं. नर्सिंगच्या शाळेत पस्तिशीच्या आत नाव लागाव लागते, अन् मी चौतीसची होऊन बसली होती. बारावीत इंग्रजी राह्यलं असतं तं दार कायमचं बंद. नाई राह्यलं. कसं निंगालं थे माहं मलेच नाई समजत.

वर्ध्याच्या एका शाळेत नंबर लागला, नाव नाई सांगत शाळेचं, काऊन कोणाले तरास. एएनएमचा कोर्स, म्हणजे गावोगावी टोचाले येते न थे सिस्टर, थेच. दोन वर्स, अन् होस्टेलमधी राह्यणं जरूरी. म्हणजे बुढीले कोण पाह्यणार, तं आशू. सोळा वर्साची पोरगी. दहावी झालती तिची, कॉलेजात नाव टाकलं पण जाये फकत परीक्षेले. म्हणे, माय, तू जा, मी हाये. मी गेली. काय सांगू तुमाले, बस हिंगणीच्या फाट्यावरून वळली तवा मले वाटे का आपून लेकराच्या तोंडचा घास घेऊन चाललो. वाटलं तरी उतरली नाई मी.

अॅडमिशनच्या दिवशी गार्डियनचं नाव पुसलं. बाकीच्या पोरींचे बाप आलते, मी एकटीच उभी. लहान बहिणीचा नवरा वर्ध्यातच राह्यते, भला माणूस, थो म्हणे बी, अक्का, माहं लिवा. मी म्हटलं, नाई, बुढीले वाईट वाटंल. घरात मोठं माणूस जितं असतानी दुसऱ्याचं नाव कसं लिवाव, आमच्यात तसं करत नाईत. मंग आत्याबाईचा फोटो अन् डाव्या हाताचा अंगठा घरून घेऊन गेली, गार्डियनच्या कार्डावर लावला. बुढी खूश. आल्यागेल्याले सांगे, मी रंजनाची गार्डियन हावो, माह्या अंगठ्याबिगर थे हालू शकत नाई. इथंच चुकलं माहं.

नियम असा होता का दिवाळीले साऱ्याइले सुट्टी, पण बाकी वर्सभर घरी जाचं तं कार्डावरचं माणूस घ्याले आलं पायजे, अन् त्यानंच परत आणून सोडलं पायजे. आता लकव्याची बुढी काय दर महिन्याले येते काय. मंग दिवाळी सोडून मी गेलीच नाई घरी. कधी रविवारी आशूच येये, आजीपाशी शेजारीण बसवून, चिवड्याचा डबा घेऊन. वर्गातल्या पोरी अठरा अठराच्या, मले काकू म्हणत. मले वरची खाट भेटलती, गुडघे दुखत चढतानी, एका पोरीले दया आली, तिनं खालची देल्ली. हाडायची इंग्रजी नावं पाठ करता करता डोये मिटून जात. अन् वार्डात ड्युटीले पाठवत तवा कोणी मावशी म्हणून हाक मारली का मी उठून पॉट आणाले निंगो. मॅडम रागवत, रंजना, तू स्टुडंट हायेस. हाव म्हणो, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा उठो. आदत पडलती, काय करणार.

दुसऱ्या वर्साची परीक्षा जवळ आलती. सकाळी आशूचा फोन आला वॉर्डनच्या फोनवर, माय, आजीले दम लागला, निळी पडून राह्यली, सेवाग्रामले नेतो, तू ये. मी वॉर्डनले म्हटलं, मॅडम, मले सोडा. वॉर्डन म्हणजे माह्यापेक्षा बी लहान पोरगी. थे म्हणे, गार्डियनले बोलवा. मी म्हटलं, मॅडम, गार्डियनच तं बिमार हाये. थे कार्ड पाहे, माह्याकडे पाहे. बहिणीच्या नवऱ्याले बोलवतो म्हटलं, तं म्हणे त्यायचं नाव कार्डावर नाई. प्रिन्सिपल बाहेरगावी. गेल्या साली एक पोरगी खोट्या मामासंगं निंगून गेलती अन् हिची नोकरी जाता जाता वाचली होती. मी पस्तीस पार केलेली बाई, एका पोरीची माय, मी कोणासंगं पळून जाणार होती? पण तिचं बी पोट होतं, तिले काय दोष देऊ.

गेट उघडंच होतं. वॉचमन म्हणे, जा मावशी, मी पाह्यलं नाई समजा. पण बिगर परवानगीनं गेली तं नाव कटते, परीक्षा जाते, अन् वय निंगून गेलतं, पुन्हा कोण घेते. मी गेटच्या कट्ट्यावर बसली. उठो अन् बसो. तिकडे बुढी जाऊन राह्यली अन् इकडे मी नियम धरून बसली, असं बी वाटे, अन् जिनं शिकाले धाडलं तिचीच मेहनत मातीत घालू काय, असं बी वाटे. खरं सांगतो, माह्याच्यानं काहीच ठरलं नाई.

मंग छोटा हत्ती येऊन थांबला गेटवर, सामानाची गाडी, मांगं गादी टाकलेली. गादीवर बुढी, तिच्या उशाशी आशू. आशूनं मंग सांगतलं, सारे म्हणत होते सरळ सेवाग्रामले चाला, पण बुढी ऐके नाई, आधी शाळेत न्या, सुनेले सोडवल्याबिगर मी दवाखान्यात जात नाई. वॉर्डन रजिस्टर अन् शाईचा डबा घेऊन धावत बाहेर आली. बुढीनं चादरीतून डावा हात काढला. शब्दाशब्दाले दम लागे, तरी म्हणते, नीट दाब वं पोरी, मंग म्हणशीन उमटला नाई. मंग मले म्हणते, चढ न गाडीत, का तुह्यासाठी मुहूर्त पाहू.

सेवाग्रामच्या दवाखान्यात काही दिवस काढले तिनं. मी शाळेच्या कपड्यावरच गेलती, तं आजूबाजूचे लोक मले सिस्टर सिस्टर करत. बुढी थे आयके. एक दिवस म्हणते, सिस्टर, पाणी. मी पाह्यलं, तं वाकड्या तोंडानं हासून राह्यली. मी चमच्यानं पाणी पाजलं, तोंड पुसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, भेटाच्या टायमाले, लोकायची गर्दी असतानी गेली. मले लय वाईट वाटलं. अजून वाटते. माह्या सख्ख्या मायसाठी मी एवढी रडली नाई.

विहारात सारं झालं, पाहुणे गेले, अन् मी आशूले म्हणली, आता मी जात नाई. तुले एकटीले घरात ठेवून कशी जाऊ. शिकून झालं तेवढं झालं. दुसऱ्या दिवशी आशूनं माही पिशवी भरून दारात ठेवली अन् म्हणे, चाल, बस येते. म्हटलं, मले आत घेणार नाईत वं, जे नेते थेच आणून सोडते असा नियम हाये, अन् नेणारी तं गेली. तं म्हणे, आजीनं काढून आणलती न तुले, मंग जमा मी करतो.

गेटवर वॉर्डन आली. आशूनं आधार कार्ड काढून तिच्या हातात देल्लं, त्याच महिन्यात अठरा पुरे झालते तिचे. वॉर्डननं कार्ड पाह्यलं, मले पाह्यलं, अन् रजिस्टर पुढं केलं. बुढीच्या अंगठ्यासमोर जागा रिकामी होती, तिथं आशूनं सही केली. नातं लिवाचं राह्यते, तिथं लिवलं, मुलगी. मंग मले म्हणते, उपाशी राहू नको, फोन करजो, अन् रडत नको बसू. निंगाली. मी म्हटलं थांब जराशी, तं म्हणे बस चुकते माय. रिकाम्या घरी जाचं होतं तिले, अन् मांगं वळून बी पाह्यलं नाई पोरीनं. मी गेटाची सळई धरून उभी राह्यली. अठरा वर्साची पोरगी आपल्या मायले शाळेत सोडून जाते, असं कुठं आयकलं काय तुमी?

झाली पास. जादा मार्कं नाई पडले, पण झाली. आता या उपकेंद्रात हाये, ठेक्यावर हाये, पक्की कधी करतीन थे मालूम नाई. लेकरायले टोचणं, गरोदर बायायच्या घरी जाणं, जंगलाकडच्या गावाले जाचं तं दिवस बुडाच्या आत परताव लागते. मावशी कोणी म्हणत नाई आता, सिस्टर म्हणतात. बरं वाटे पहिले. आता हाक आयकू आली का वाटते, पुन्हा उठा लागते. पाय सुजतात संध्याकाळी. लोक म्हणतात, रंजनानं नाव काढलं. काढलं असंल बाप्पा. त्याच्यात माहं किती, बुढीचं किती अन् पोरीचं किती, थे मले मालूम हाये.

आशूले म्हटलं, आता तू नर्सिंग कर, तुहे दोन वर्स मी खाल्ले. तं म्हणे, नाई माय, मी केली तेवढी नर्सिंग लय झाली. बिमार माणसाचा वास नको मले आता. लाइटीचं काम शिकतो. मले टोचलं थे. पण खोटं काय बोलली? वर्ध्याच्या आयटीआयमधी वायरमनचं शिकून राह्यली आता, तिथंच होस्टेलमधी राह्यते. माह्या घरातला पंखा तिनंच दुरुस्त केला, हा पाहा, चालून राह्यला.

तिच्या होस्टेलमधी तसा नियमबियम नाई. पोरीनं सांगतलं का जाऊ देतात, फोन बी कराव नाई लागत. आशू मलेच रागवते, माय, दिवसभर पायपीट करतं अन् शनिवारी पुन्हा वर्ध्याले काऊन येतं, मी काय लहान हावो, येतो न मी बसनं. खरं हाये तिचं. पाय तं माहे दुखतातच. तरी मी जातो अन् गेटवर उभी राह्यतो, थे पिशवी घेऊन बाहेर येते अन् आमी दोघी एकाच बसनं परत येतो. रस्त्यानं जादा बोलत बी नाई.

पोरीले घ्याले कोणी तरी आलं पायजे, भाऊ. मले घ्याले तं मरता मरता आली होती बुढी.

चाला, कप तसाच राहू द्या, मी धुतो येऊन. सुखी राहा.