जावयाचं वाडगं

कोनी मले 'जावईबापू' म्हनलं की अजून मी हातातलं काम थांबवतो. लाकडाची वाडगी कातायले मी शिकलो ते सासऱ्यापाशी, म्हंजे मामाजीपाशी, कामरगावात. अन् जावयाले रागवते कोन? लाकूड फिरवाले खरादाची दोरी ओढे माही बायको गिरजा, पटाशी राहे माह्या हाती. चुको मी, अन् मामाजी बोलत तिले. "गिरजे, दोरी नीट ओढ."

एक दिवस पोहरादेवीच्या जत्रेसाठी तीन वर्सं सुकवलेला शिवणीच्या लाकडाचा ठोकळा त्यायनं माह्या हाती देला. "जावईबापू, बूड बोटभर जाड ठेवजा."

फिरत्या लाकडात बूड किती उरलं, ते दिसते कोनाले? अजून जाड हाये, अजून जाड हाये, असं म्हनत गेलो, अन् पटाशी आरपार गेली.

गिरजानं दोरी सोडली. मामाजीनं वाडगं डोयाले लावलं अन् भोकातून माह्याकडे पाह्यलं. आता गिरजेले बोलनी बसतीन म्हनून मी मान खाली घातली.

"अबे गाढवा," मामाजी मलेच म्हनले, "लाकडाचा आवाज बदलला, तो आयकू नाही आला तुले?"

गिरजा हळूच म्हनली, "चला, आता बाबा तुमाले शिकवतीन."