हातात तोललेला पॉवर सप्लाय

चार्जर घ्यायला कॉम्प्युटरच्या दुकानात रांगेत उभी होते. माझ्यापुढे एक वायरमन आणि त्याची लेक. नाकं दोघांचीही सारखीच वर.

“हा पॉवर सप्लाय घे. उचलून बघ, कसा भरीव आहे!”

“बाबा, मागचाही तुम्ही तोलूनच आणलात. जळाला तो जळाला, वर माझं गेमिंगचं कार्डही घेऊन गेला. आता दुसरं कार्ड घेतलंय, तिसरं घ्यायची ऐपत नाही.”

“तीस वर्षं वायरमन आहे मी!”

“काका, वजन भरायला आत नुसतं लोखंड घालतात,” दुकानदार म्हणाला. “हा बघा, पाच वर्षांची वॉरंटी.”

“बरं, मग तूच निवड. माझं काय काम इथे?”

“निवडला. पण वायरी कोण जोडणार? शेजारचे काका?”

“तो? त्याला साधा बल्ब लावता येत नाही! आण इकडे तो खोका.”