कमलआत्याच्या वाट्याचे बांगडे

आमच्या कमलआत्याला कुठं नेऊ नये, सांगू? समुद्रावर!

दिवाळीनंतर तिला मुकुंदवाडीहून मालवणला नेलं. सकाळी किनाऱ्यावर मच्छीमार रापण ओढत होते, म्हणजे वाळूत उभं राहून भलंमोठं जाळं दोरानं बाहेर ओढायचं. हात लावंल त्याला मासळीचा वाटा मिळतो, हे कळलं अन् आत्यानं पदरच खोचला. लई ओढलं तिनं! वाट्याला जिवंत बांगडे आले.

मी खानावळीत फोन लावून मसाला वाटायला सांगितला. तवर आत्या मासे धुवायला पाण्यात गेली अन् रिकाम्या हातानं परत आली.

“आत्या, मासे कुठंयत?”

“सोडले. तडफडायले व्हते बिचारे. एक तर माझ्याकडंच बघायला लागला.”

शेजारचा मच्छीमार कपाळाला हात लावून म्हणाला, “आजये, आमी धरूचे नि तू सोडूचे?”

दुपारी खानावळीत तिचं मन दुखू नये म्हणून मी गुपचूप वरणभात मागवला. आत्यानं मात्र तळलेली सुरमई मागवली अन् काटे चोखून चोखून खाल्ली.

मी म्हणालो, “आत्या, हिची दया नाय आली?”

“हिची-माझी वळख कुठं व्हती?”