भाऊंची एकमताने निवड

चहा घ्या, सांगतो. एका पक्षाचा जिल्हाध्यक्ष निवडायची सभा होती. सभेआधीच इच्छुक भाऊंनी माझ्या हाती प्रेसनोट ठेवली: ‘भाऊंची एकमताने निवड.’

मी भडकलो. “सभा कुठे झाली अजून?”

“तुमचा टाइम वाचवून राहिलो न गा!”

सभेत पक्षाच्या निरीक्षकांनी सवयीनं विचारलं, “कोणाची हरकत?” टाळ्या पडणार, तेवढ्यात कन्हानच्या कार्यकर्त्या निर्मलाताई उठल्या. “मले बी उभं राहायचं हाय.”

“ताई, हार आणून झाले!” भाऊ ओरडले.

“ठेवा मंग. जो जिंकन, त्याले घाला.”

मतदान घ्यावंच लागलं. त्या पक्षात मतं मोजली जाताना मी पहिल्यांदा पाहिली. ताई हरल्या, पण मथळ्यात मी त्यांचंही नाव दिलं.

सकाळी भाऊंचा फोन. “तिचं नाव काहून छापलं?”

म्हटलं, “भाऊ, शर्यतीत ताई धावल्या म्हणून तर तुम्ही पहिले आलात.”